साडेचारचे तळहात

मीनाचं काम होतं बघायचं. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात वीजमीटरच्या आत बसणाऱ्या पितळी पट्ट्या तयार होत, आणि गेली अकरा वर्षं ती भिंगाच्या दिव्याखाली बसून त्या पट्ट्या एकेक करून बघत होती. चांगली पट्टी हिरव्या क्रेटमध्ये, ओरखडा किंवा खड्डा असलेली लाल क्रेटमध्ये. दिवसाला तीन-साडेतीन हजार. सुपरवायझर म्हणायचे, मीनाताईंच्या नजरेतून मुंगीचा पायसुद्धा सुटत नाही. घरच्यांना मात्र या नजरेचा जाच होता. भाजीवाल्यापासून नवऱ्यापर्यंत कुणाचाच माल तिच्याकडे पहिल्या खेपेला पास होत नसे. नवरा दिनेश पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरवर होता आणि हंगामात पंधरा-पंधरा दिवसांनी घरी यायचा, त्यामुळे त्याची तपासणी तशी कमी वेळा व्हायची.

तर अशा या बाईच्या एकुलत्या एक लेकीने, वैष्णवीने, दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, की तिला परदेशात नोकरी लागतेय.

"जॉर्जियात. तिबिलिसी म्हणून शहर आहे."

"कशाची?"

"पत्ते वाटायची."

मीनाच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच राहिली. "म्हंजे जुगाराचा अड्डा?"

"अड्डा नाही गं आई, स्टुडिओ. समोर माणूसच नसतो. नुसता कॅमेरा. लोक आपापल्या मोबाइलवर खेळतात, मी हिंदीत बोलत बोलत पत्ते टाकायचे. राहणं कंपनीचं, जेवण कंपनीचं. इथे हॉटेलच्या रिसेप्शनवर मी काय केस पिकेपर्यंत 'वेलकम सर' करत बसू?"

मीना ओरडली नाही. तिने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि लेकीबरोबर शेवटच्या मुलाखतीला गेली. परदेशी नोकरीच्या नावाखाली पोरींना कुठे कुठे नेऊन सोडतात ते तिने ऐकलं होतं, आणि असली नोकरी डोळे झाकून हिरव्या क्रेटमध्ये टाकणाऱ्यांतली ती नव्हती.

मुलाखत त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. पंधरा-वीस मुली, तीन-चार मुलगे. निवड करणाऱ्या बाईंचं नाव योगिनी. त्यांनी वैष्णवीच्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आधी हात मागितले. पांढऱ्या कागदावर दोन्ही तळहात ठेवायला लावले, फोटो काढले, नखं पाहिली, डाव्या तर्जनीवरची आडवी खूण पाहून विचारलं, "हे कशाचं?"

"द्राक्षाच्या कात्रीचं. लहानपणी आजीबरोबर मणी विरळायला जायचे."

"मेकअपने जाईल. चेहऱ्याकडे कोण बघतंय? लोक हातांकडे बघतात."

मग वैष्णवीला एकटीला एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवून दहा मिनिटं बोलायला लावलं. समोर कुणी नसताना हसायचं, कुणी नसताना "स्वागत आहे" म्हणायचं. दाराच्या काचेतून मीना बघत होती. पोरगी इतकी छान हसत होती की मीनालाच वाटलं, समोर कुणीतरी आहे.

शेवटी योगिनी मॅडमनी टेबल सोडायची रीत शिकवली. उठण्याआधी हलकी टाळी वाजवायची, मग दोन्ही हात कॅमेऱ्याला दाखवायचे. पालथे, मग उताणे. म्हणजे पत्ता लपवला नाही, काही उचललं नाही, हात रिकामे. आणि एक नाव घ्यायचं. खरं नाव टेबलावर चालत नाही. वैष्णवीने 'तारा' घेतलं.

मीनाने कागद तपासले, व्हिसा तपासला, आधी गेलेल्या दोन मुलींच्या घरी फोन केले. एक सिडकोची होती, तिची आई तर स्वतःहून पाऊण तास बोलली. सगळं सरळ होतं. मीनाने ही नोकरी हिरव्या क्रेटमध्ये टाकली.

लाल क्रेटमध्ये टाकणारी एकच निघाली, सासूबाई. सिंधुबाई हरसूलजवळच्या पाड्यावर राहायच्या आणि नात जाणार म्हणून भेटायला आल्या होत्या. त्यांच्या घराकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, त्राटिकेचं लाकडी सोंग नाचवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या होता. सासरे होते तोवर ते नाचवायचे. सगळं ऐकून घेऊन म्हातारीने विचारलं, "तोंडाला रंग लावून, दुसऱ्याच नावानं बसायचं?"

"हो आजी."

"मंग सोंगच हाय की ते. उतरवून घ्यायला कोण हाय तिथं?"

वैष्णवी हसली. सिंधुबाई हसल्या नाहीत. "सोंग ज्यानं घातलं त्यानं आपल्या हातानं काढायचं नसतं, बाय. घरचं माणूस दोन्ही हात पुढं करतं, त्या हातांवर ते उतरतं. मंग भिंतीकडं तोंड करून ठेवायचं, नायतर ते हातालाच चिकटतं. तुझा आजा नाचला की मी हात पुढं करायची."

"आजी, तिथे मेकअप काढायला वाइप्स देतात," वैष्णवी म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. पोरगी उंबऱ्यावरून "येते गं" म्हणून निघाली. ती विमानात बसल्याचा फोन येईपर्यंत मीनाने घर झाडलं नाही. एवढी रीत तिने पाळली.

जाण्याआधी वैष्णवीने जुन्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं होतं. पैसे न लावता नुसतं बघता यायचं. टेबल नंबर अकरा. मीनाची पहिली पाळी साडेतीनला सुटायची, चुंचाळ्याच्या खोलीवर पोचून चहा टाकेपर्यंत सव्वाचार. साडेचारला, म्हणजे तिकडच्या तीनला, ताराची टेबलाची वेळ संपायची. हलकी टाळी, मग हात पालथे, हात उताणे.

"ते तुझ्यासाठी असतं असं समज," वैष्णवीने पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं. "हात दाखवले की समजायचं, मी ठीक आहे."

मीनाला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती आवाज बंद करून चहाचा कप घेऊन बसायची आणि हातांची वाट बघायची. मेकअप असला तरी डाव्या तर्जनीवर ती खूण कुठे आहे हे तिला माहीत होतं, आणि तिथे ती तिला दिसायची. हात दिसले की जीव भांड्यात पडायचा. मग ती उरलेला चहा प्यायची आणि भाजी निवडायला घ्यायची. परगावी लेक असलेल्या किती आयांना हे सुख मिळतं? शेजारची अक्काबाई तिला म्हणायचीसुद्धा, "तुझी पोरगी लांब गेली तरी रोज समोर. आमची सातपूरला दिलीय, तर चार-चार महिने तोंड दिसत नाय."

पहिली गोष्ट खटकली ती जानेवारीत. बुधवार होता. बुधवारी वैष्णवीला सुट्टी असायची, म्हणून मीना मोबाइल लावतच नसे. त्या दिवशी सवयीने लावला. टेबलावर तारा होती.

रात्री फोनवर तिने विचारलं, "आज सुट्टी नव्हती का?"

"होती की. दिवसभर झोपले. कपडे धुतले."

"मंग टेबलावर कोण होतं?"

"दुसरी कुणी असेल. आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो गं, एकच ड्रेस, एकच अंबाडा. नाहीतर जुनं रेकॉर्डिंग लावलं असेल."

मीनाने मान डोलावली. रोज एकासारख्या एक तीन हजार पट्ट्या बघणाऱ्या बाईला 'सगळ्या सारख्याच दिसतात' म्हणणं हा तसा अपमानच होता. तो तिने गिळला. रेकॉर्डिंग असेल.

महाशिवरात्रीला कारखान्याला सुट्टी होती. अर्धं नाशिक त्र्यंबकेश्वरच्या रांगेत होतं, मीना घरी साबुदाणा भिजवत होती. वैष्णवीला ताप आला होता, ती खोलीवरच पडून होती. दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल, अंगावर पांघरूण, हातात सूपचा वाडगा. बोलता बोलता मीनाने दुसऱ्या हाताने जुना मोबाइल उघडला. का उघडला ते तिलाही सांगता आलं नसतं.

तारा टेबलावर होती. पत्ते टाकत होती. मीनाने तिचा आवाज हळूच वाढवला.

"सनी जी, आपका स्वागत है," तारा हसून म्हणाली. "और आप सबको महाशिवरात्रि की शुभकामनाएँ."

म्हणजे रेकॉर्डिंग नव्हतं.

मीनाने आवाज बंद केला. एका हातातल्या मोबाइलवर तिची लेक सूप पीत होती, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर तिची लेक पत्ते वाटत होती. भुवईची ठेवण तीच. हनुवटी तीच. हसताना डावा गाल आधी उचलतो, तोही तसाच.

"आई, कुठे बघतेस?"

"काय नाय. तू सूप पी."

तापलेल्या पोरीला काय सांगणार? मीनाने सांगितलं नाही. कॉल संपल्यावर तिने कारखान्यातून आणलेलं हातभिंग काढलं आणि साडेचारची वाट पाहिली. टाळी झाली. हात पालथे झाले. डाव्या तर्जनीवर खूण होती. मग हात उताणे झाले, आणि मीनाने भिंग मोबाइलच्या काचेवर टेकवलं.

तळहातांवर रेषा नव्हत्या. एकही नाही. पेरांच्या घड्यासुद्धा नाहीत. साच्यातून नुकत्याच निघालेल्या पट्टीसारखे दोन्ही हात सपाट होते.

मेकअप, असं ती स्वतःशी म्हणाली. तरी त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी वैष्णवीचाच फोन आला. आवाज बारीक होता. "आई, मी परत येऊ का?"

"ये," मीना म्हणाली. कारण विचारलंच नाही. पोरगी आपणहून बोलली.

"ब्रेकमध्ये स्टाफरूमला बसले होते. तिथे भिंतीवर सगळी टेबलं दिसतात. अकरा नंबरवर मीच होते. मला वाटलं, चित्र उशिरा येत असेल. पण माझी कॉफी संपली तरी मीच होते. मॅनेजरला सांगितलं तर ती म्हणाली, इतकी नियमित मुलगी पाहिली नाही, एक सुट्टी घेत नाहीस." ती जरा थांबली. "मी बाथरूममध्ये गेले, तोंड धुतलं, नावाची पिन काढून बेसिनवर ठेवली आणि खोलीवर आले. परत टेबलावर गेले नाही."

"बरं केलंस. तिकीट काढ."

मार्चच्या पहिल्या शनिवारी वैष्णवी घरी आली. वाळली होती, पण आली होती. दिनेश हंगाम टाकून एका दिवसासाठी आला, येताना द्राक्षांची पेटी घेऊन. मीनाने लेकीला उंबऱ्यातच धरलं, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग ढसाढसा रडली. इतकं हलकं तिला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. पोर चौदा तास झोपली. तेवढा वेळ मीनाने कुकरची शिट्टीसुद्धा होऊ दिली नाही.

सोमवारी कामावरून आल्यावर ॲप काढून टाकायचं म्हणून तिने जुना मोबाइल हातात घेतला.

अकरा नंबरवर तारा होती.

मीनाने योगिनी मॅडमना फोन लावला. आपण कोण ते सांगितलं. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"वैष्णवी? ती तर ड्यूटीवर आहे ना? तिकडून काही तक्रार नाही. चांगलं काम करते."

"ती घरी हाय, मॅडम. माझ्यासमोर झोपलीय."

पलीकडे कागदांचा आवाज थांबला. मग "विचारून सांगते" म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि परत कधी उचलला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मीनाने सोडून दिलं असतं. आपली पोर आपल्या घरी, तिकडे टेबलावर भूत बसो नाहीतर राणी बसो, आपल्याला काय करायचंय? पण बुधवारी वैष्णवी नवं सिमकार्ड घ्यायला गेली आणि तशीच परत आली. मशीनवर अंगठा उठत नव्हता. दुकानदाराने हात पुसायला लावले, क्रीम लावायला लावलं, दहाही बोटं लावून पाहिली.

"होतं असं," वैष्णवी म्हणाली. "थंडीने कातडी गेली असेल."

मीनाने तिचा हात ओढून खिडकीपाशी नेला आणि भिंग धरलं. रेषा होत्या. पण टाकी लावायला झालेल्या पाट्यासारख्या झिजल्या होत्या, बोट फिरवलं तर लागत नव्हत्या. साडेचार वाजत आले होते. तिने जुना मोबाइल उघडला. टाळी. हात पालथे. हात उताणे.

ताराच्या तळहातावर आता एक रेष होती. अंगठ्याखालून वळणारी, मधे दोन ठिकाणी तुटलेली. ती रेष मीना तेवीस वर्षं ओळखत होती. न्हाऊमाखू घालताना पहिल्यांदा पाहिली होती.

"आई, तिच्याकडे बघू नकोस," वैष्णवी मागून म्हणाली आणि मोबाइल पालथा घातला. 

त्या दिवसापासून मीना दोन्हीकडच्या रेषा मोजू लागली. रोज तारा एक रेष जास्त दाखवायची. रोज इकडे एक कमी व्हायची. दुपारी झोपेत वैष्णवीची बोटं गादीवर हलायची, एकेक करून काहीतरी वाटल्यासारखी. हाक मारली तर ती पटकन "हं?" म्हणायची नाही. एकदा तर मीनाने 'वैष्णवी' म्हणून तीनदा हाक मारली आणि पोरगी शांतपणे भिंतीकडे बघत राहिली, कुणी दुसऱ्याच कुणाला बोलावत असल्यासारखी. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, टॉनिक दिलं.

मीनाने हरसूलला निरोप धाडला. सिंधुबाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आल्या. त्यांनी नातीचा हात आपल्या हातात घेतला, खरखरीत अंगठ्याने चोळून पाहिला आणि एकच विचारलं.

"रंग कुणी उतरवला?"

"मीच," वैष्णवी म्हणाली.

म्हातारीने नातीचा हात खाली ठेवला. मग मीनाला म्हणाली, "तुझ्या सासऱ्याच्या चुलत्यानं असंच केलं व्हतं. जीव गुदमारला म्हनून सोंग आपल्याच हातानं काढलं. तीन दिस लोकांना ते सोंग भाताच्या खाचरात नाचताना दिसायचं, आन् हा खाटेवर. हाक मारली तर वळखायचा नाय."

"मंग?"

"चौथ्या दिशी त्याच्या आयनं जाऊन हात पुढं केलं."

"आन् तिला काय झालं?"

"काय व्हायचंय? नव्वद वर्सं जगली," सिंधुबाई म्हणाल्या. "आज किती वाजता दिसती ती?"

मीना अकरा वर्षं मोजमापाच्या कारखान्यात होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास ठेवायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हात पुढे करायला सांगितलं होतं, आणि ते तर फुकटात होण्यासारखं होतं.

सव्वाचारला त्यांनी मोबाइल पाटावर उभा केला, मागे तांब्याचा टेकू दिला. बाहेर ऊन होतं. गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. वैष्णवी गादीवर भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवरची बोटं हलत होती.

सिंधुबाई पाटासमोर बसायला लागल्या. मीनाने त्यांच्या दंडाला धरलं.

"आत्याबाई, तुम्ही नाय. पोर माझी हाय."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली. "डोळं मिटू नको. जड लागलं तरी हात खाली घेऊ नको."

साडेचार झाले.

ताराने शेवटचा पत्ता टाकला. हलकी टाळी वाजवली. हात पालथे केले.

मीनाने दोन्ही हात ओंजळीसारखे मोबाइलसमोर धरले. सिंधुबाईंनी सांगितलेले शब्द ती म्हणाली. "झालं तुझं नाचणं. दमलीस. ये हातावर."

ताराचे हात उताणे झाले. दोन्ही तळहात रेषांनी भरलेले होते.

ती उठली नाही.

चार महिने ती कॅमेऱ्याकडे बघून हसत आली होती, सगळ्यांकडे बघतात तशी. आता ती मीनाकडे बघत होती. हसू होतं तसंच होतं. डावा गाल आधी उचललेला.

"ये," मीना म्हणाली. तिने ओंजळ आणखी पुढे केली. "ये गं बाई."

तारा पुढे वाकली. तिचं कपाळ जवळ आलं, मग भुवया, मग सगळा पडदा तिच्या चेहऱ्याने भरला आणि अंधारला.

मीनाच्या हातांवर वजन आलं.

लाकडाचं. आतून कोमट, घामेजलेलं. तिची मनगटं खाली गेली, तिने दात आवळून ती वर धरली. डोळे मिटले नाहीत. हातांत काहीही दिसत नव्हतं.

मग वजन गेलं.

मोबाइलवर पुन्हा उजेड झाला. अकरा नंबरवर एक दुसरीच मुलगी बसत होती, गोरी, कुरळ्या केसांची. तिने हसून आपलं नाव सांगितलं आणि पत्ते पिसायला घेतले.

"आई," मागून वैष्णवी म्हणाली, "भूक लागलीय गं."

तिची बोटं थांबली होती.

मीना जागची उठली आणि धडपडतच तिच्याकडे गेली. "वैष्णवी?" तिने हाक मारली.

"अगं हो, ऐकतेय. ओरडतेस काय?"

असं वैतागलेलं उत्तर मीनाला जन्मात इतकं गोड लागलं नव्हतं. ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. तिने पिठलं टाकलं, सिंधुबाईंनी भाकऱ्या थापल्या. वैष्णवीने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आजीला तिबिलिसीच्या थंडीच्या गोष्टी सांगितल्या. अक्काबाई डोकावून म्हणाली, "आज घरात सणबिण हाय का?" मीना म्हणाली, "हाय असं समजा." ॲप काढून टाकलं. दिनेशला फोन करून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. महाशिवरात्रीपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता.

भांडी घासताना सिंधुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "जड लागलं?"

"लागलं. मंग गेलं."

"भिंतीकडं तोंड करून ठेवलंस ना?"

मीनाने मागे वळून पाहिलं. "हातात काय दिसतच नव्हतं, आत्याबाई. ठेवू काय?"

 सिंधुबाईंनी हातातलं ताट पुन्हा एकदा घासलं.

सकाळी मीना नेहमीसारखी साडेसहाला निघाली. कारखान्याच्या फाटकावर हजेरीच्या मशीनपुढे रांग होती. प्रत्येक अंगठ्याला मशीन "थँक यू" म्हणत होतं. मीनाने अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

तिने अंगठा पदराला पुसून ठेवला. मग दुसरा. मग तर्जनी.

"राहू द्या ताई," वॉचमन लखन म्हणाला. "ऑइलने जातात बोटं. अर्ध्या कंपनीची गेलीत. रजिस्टरला सही करा."

मीनाने सही केली. आत जाऊन आपल्या जागेवर बसली, भिंगाचा दिवा लावला, आणि पहिली पट्टी घेण्याआधी आपलाच हात त्याच्याखाली धरला. उताणा.

ओरखडा नाही, खड्डा नाही, घडी नाही. अकरा वर्षांत इतका स्वच्छ माल तिच्या दिव्याखाली आला नव्हता.

ती बराच वेळ बघत राहिली. घाबरायला हवं होतं हे तिला कळत होतं. पण निघताना तिने झोपलेल्या वैष्णवीच्या मुठी हळूच उघडून खिडकीच्या उजेडात पाहिल्या होत्या. सगळ्या रेषा जागच्या जागी होत्या. अंगठ्याखालची, मधे दोन ठिकाणी तुटलेली, तीसुद्धा.

मीनाने दिवा सरळ केला आणि पट्ट्या बघायला घेतल्या. साडेतीनला पाळी सुटली. उठताना तिने हलकी टाळी वाजवली आणि दोन्ही हात कोपऱ्यातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला दाखवले.